अंगारकीला केलेल्या चीजच्या काड्या

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नाही तिथे मी अंदाजाने वेलांटी देते. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते. बोलून सांगायचं तर समोर माणूस आलं की माझा आवाज निघत नाही, लहानपणापासून तसंच आहे. पोरीला हे सगळं सांगायचं कितीदा मनात आलं. ती विचारत नाही आणि मला सांगता येत नाही. म्हणून कागदावर.

आम्ही सुरगाण्याकडचे. तिकडे भात आणि नागली निघाली की माणसं जीपमध्ये दाटीवाटीने बसून द्राक्षाच्या बागांवर जगायला जातात. लग्नानंतर आम्ही दोघं तसेच आलो आणि परत गेलो नाही. नवरा बांधकामावर लागला. नाशिक रोडला रुळांच्या पलीकडे पत्र्याची खोली घेतली. मी जवळच्या कॉलनीत धुणीभांडी धरली. त्यातल्या एका घरी पुढे स्वयंपाकही माझ्याकडे आला. साहेब सरकारी नोकरीत होते. बाई घरीच असायच्या. मोठी मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेलेली. तिला मी ताई म्हणायची.

पोरगी चौथीत असताना नवरा परांचीवरून पडला. कंबरेचं हाड मोडलं. ठेकेदाराने पहिल्या दिवशी थोडे पैसे दिले आणि मग तो साइटवर दिसेना. ऑपरेशनला आठ हजार लागत होते. मी बाईंच्या दारात उभी राहिले. बाईंनीच विचारलं, "किती?" त्यांनी बँकेतून काढून आणून दिले. ते मी विसरलेले नाही. ऑपरेशन झालं, पण आतून पू झाला आणि नवरा उठला नाही. माणूस गेला, पैसे राहिले.

बाई महिन्याला पगारातून कापून घ्यायच्या. कापून जे हातात यायचं त्यात खोलीचं भाडं आणि रॉकेल जेमतेम निघायचं. त्याच वर्षी ताईला बाळ झालं. ताई बँकेत नोकरीला होती, बाळाला सांभाळायला कुणी मिळेना. एक दिवस मी पोळ्या लाटत होते तर बाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"पोरीला ठाण्याला पाठवतेस का? बाळापाशी बसायचं, दुसरं काय काम नाही. तिथे टीव्ही आहे, फ्रीज आहे, दोन वेळा पोटभर खाईल. आणि तुझे पैसे पटापट फिटतील."

"शाळा हाय तिची, बाई. आता पाचवीला बसली."

"शाळा काय पळून जाते का? फिटले की येईल परत."

मी चौथीवर कशी थांबले ते मला माहीत होतं. आई-बाप बागांवर जगायला गेले आणि धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी ठेवलं. तेव्हाही बाप हेच म्हणाला होता, की एक हंगाम, मग जा. माझी पोरगी पाचवीच्या वर्गात बसत होती. आमच्या घरात तिथपर्यंत कुणी बसलेलं नव्हतं. मी पोळी उलटत राहिले. बाई म्हणाल्या, "विचार कर." म्हणजे त्यांचं ठरलेलं होतं.

त्यानंतर भिशीची पाळी बाईंकडे आली. कॉलनीतल्या बारा-पंधरा बायका दर महिन्याला एकीच्या घरी जमायच्या, चिठ्ठी काढायच्या, खायच्या आणि एकमेकींच्या पडद्यांना नावं ठेवायच्या. आदल्या महिन्यात कुणीतरी ढोकळ्याबरोबर आइस्क्रीम ठेवलं होतं, तर बाईंना त्याच्यावरचं काहीतरी हवं होतं. ताई बाळाला घेऊन आली होती. तिने ठाण्याला एका पार्टीत फळं आणि चीज काडीला टोचून ठेवलेलं बघितलं होतं. "आई, सोप्पं आहे गं. चिरायचं आणि टोचायचं. गॅससुद्धा पेटवायचा नाही."

भिशी नेहमी बुधवारी असायची. ताईला बुधवारी निघायचं होतं म्हणून बाईंनी ती एक दिवस अलीकडे घेतली. फोन करून सगळ्यांना कळवलं.

माझ्या मनात आलं ते मी कसंबसं बोलले. "बाई, अशी पार्टीची कामं मी जादा करते. तुमची, आणि कुणाला पायजे असतील त्यांची. त्याचे पैसे तुम्हीच ठेवा. पोरीला नका नेऊ."

बाई म्हणाल्या, "बरं. ही भिशी चांगली करून दाखव. बायकांनी नाव काढलं तर मीच तुला कामं मिळवून देते. मग पोरीचं राहू दे. पण हसं झालं तर ताई येताना रिकामी आलीय, जाताना पोरगी घेऊन जाईल."

ताई आतून म्हणाली, "माझ्या बाळाची तुम्ही पैज लावताय की काय?" आणि दोघी हसल्या.

चीज मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. डब्यातलं, पिवळं, कपड्याच्या साबणाच्या वडीसारखं. सुरीने कापलं की सुरीलाच चिकटायचं. मग मी सुरी गार पाण्यात बुडवून कापलं, तेव्हा सरळ तुकडे पडले. अननसाचे डोळे काढून फोडी केल्या. सफरचंद काळं पडतं म्हणून मिठाच्या पाण्यात टाकलं. पपई घेऊ नका म्हणून मी सांगितलं होतं, ती काडीवर टिकत नाही. द्राक्षं तर आपल्याकडची, फेब्रुवारीचा महिना, घड असे टपोरे की हात लावायला नको वाटावं.

काड्यांची मोठी गंमत. दात कोरायच्या काड्या आणल्या त्या बोटाएवढ्या, दोन तुकड्यांत संपायच्या. बाईंनी नवा खराटा विकत आणला आणि म्हणाल्या, "याच्या काड्या धुऊन घे." खराट्याच्या काडीवर फळ! मला ते बघवेना. मी बुरुडाकडून बांबूचं एक पेर मागून आणलं. आमच्या घरी बाप टोपल्या विणायचा, बांबू फोडायला मला शिकवावं लागलं नव्हतं. दुपारी पोरगी शाळेतून आली आणि माझ्याजवळ बसली. मी काडी तासायची, ती काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करायची. कुस राहिलं तर जिभेला टोचतं.

"आई, हे कुणाला?"

"बाईंच्या पाहुण्यांना."

"काडीसकट खात्यात?"

मी हसले. ती पण हसली. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

काडीवर आधी द्राक्ष, मग अननस, मग चीज, मग सफरचंद, शेवटी परत द्राक्ष. शेवटचं द्राक्ष बुचासारखं बसतं, मधलं काही घसरत नाही. अर्धं कलिंगड पालथं घालून त्याला चंदेरी कागद लावला आणि सगळ्या काड्या त्यात खोचल्या. ताई म्हणाली, "अय्या, साळिंदर!" बाई दोन पावलं मागे सरून बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. मला म्हणाल्या, "छान केलंस." मी स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटलं, झालं.

बायका आल्या. हॉलमध्ये गलका झाला. मी सरबताचे ग्लास नेले तर एक जण कलिंगडाभोवती फिरत होती. "हे काय गं, रुखवत मांडलंय का? नवरी कोण?"

"हात तर लावा आधी," बाई म्हणाल्या.

कुणी हात लावेना. सरबत तेवढं उचललं. मग एक जण हळूच म्हणाली, "माझा उपास आहे. अंगारकी ना आज."

"माझा पण."

"मंगळवार घेतला तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, बाई काहीतरी साबुदाण्याचं करणार असतील."

बाईंच्या घरी संकष्टी कुणी करत नव्हतं. बुधवारचा मंगळवार करताना त्यांनी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. आमच्यात तर हा उपास नाहीच. आमच्याकडे डोंगऱ्यादेव, वाघदेव. अंगारकी असते ते मला नाशिकला आल्यावर कळलं, ती कधी आहे ते मला कोण सांगणार?

बाई सावरत म्हणाल्या, "अहो, पण फळंच आहेत की. उपासाला चालतात."

"फळं चालतात हो. हे पिवळं काय?"

"चीज आहे. दुधाचंच असतं. दूध चालतं ना?"

तिथे एक वयस्कर बाई होत्या, त्यांना सगळे काकू म्हणायचे. त्यांनी एक काडी उपटली, चष्मा वर करून बघितली आणि म्हणाल्या, "दुधाचं असतं, पण दूध फाडायला वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात म्हणे. माझ्या जावयाने सांगितलं, तो परदेशी जाऊन आलाय."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"शी, काहीतरीच काय काकू!"

"आपल्या इथल्यात नसेल घालत."

"नसेल म्हणजे? तुम्ही बघायला गेला होतात?"

"मी मागच्या आठवड्यात पोरांना सँडविच दिलं हो त्याचं!"

"मग आता गोमूत्र द्या," एक जण म्हणाली आणि दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

ज्यांचा उपास नव्हता त्यांनीही पुढे केलेले हात मागे घेतले. बाई म्हणाल्या, "मी चीज काढून देते, नुसती फळं खा." काकू म्हणाल्या, "लागलेलं आहे गं ते. अननसाचं पाणी सगळीकडे उतरलंय." ते खरंच होतं. पिवळ्या पाण्याचे ओघळ चंदेरी कागदावरून खाली आले होते. शेवटी बायकांनी चहा घेतला, चिठ्ठी काढली आणि चंद्रोदयाच्या आत स्वयंपाकाला लागायचं म्हणून लवकर निघून गेल्या. जिन्यात त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

एकच बाई मागे राहिल्या होत्या. त्या ख्रिश्चन होत्या, नर्स होत्या, भिशीत नव्यानेच आलेल्या. त्यांनी उभ्या उभ्या चार काड्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "मला तर आवडलं. माझ्या मुलाच्या बर्थडेला कराल का?" हे त्यांनी बाईंना नाही, मला विचारलं. बाईंच्या समोर मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. मी मान हलवली.

त्या गेल्यावर बाई माझ्या अंगावर आल्या. "तुला कळू नये? रोज दहा घरी जातेस, कुठे उपासाचं काय शिजतंय ते बघत नाहीस? एकीने तरी सांगितलं असेल!"

त्या दिवशी सकाळी मी दोनच घरी गेले होते आणि दोन्हीकडे नुसती भांडी घासून आले होते. मी कलिंगडातल्या काड्या उपटून ताटात ठेवायला लागले. साहेब पेपरच्या मागून म्हणाले, "तारीख तू ठरवलीस ना?" बाई त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "चीज आणि फळांचे पैसे तुझ्या पैशांत धरते. आणि पोरीचे कपडे बांधून आण उद्या."

ताई म्हणाली, "आई, राहू दे ना." एकदाच म्हणाली. मग बाळ रडलं म्हणून आत गेली.

उरलेल्या काड्या बाईंनी मला घरी न्यायला दिल्या. पोरीने आणि शेजारच्या पोरांनी रांगेत बसून त्या खाल्ल्या. पोरीला चीज आवडलं नाही, तिने ते काढून शेजारच्या पोराला दिलं. तिचे दोन फ्रॉक आणि शाळेची पुस्तकं मी पिशवीत घातली. पुस्तकं बघून तिने विचारलं, "तिकडे शाळा हाय?" मी म्हटलं, "ताईंना विचार." दुसऱ्या दिवशी ताई तिला रिक्षात बसवून स्टेशनला घेऊन गेली. बाळ पोरीच्या मांडीवर होतं. अकरा वर्षांची पोर, बाळ तिच्या मांडीत मावत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, पण बाळाने तिच्या वेणीला हात घातला आणि तिला खाली बघावं लागलं.

पुस्तकं पहिल्याच दिवाळीला परत आली. ताई म्हणाली, "जागा नाही गं आमच्याकडे."

त्या नर्सबाईंच्या मुलाच्या वाढदिवसाला मी काड्या केल्या. लहान पोरं येणार म्हणून टोकं बोथट केली. तिथून पुढे एकीकडून दुसरीकडे करत माझं नाव गेलं. कुणाची मुंज झाल्यावरची पार्टी, कुणाचं रिटायरमेंट, शाळेचं गॅदरिंग. सामान त्यांचं, काड्या आणि मेहनत माझी. सकाळी धुणीभांडी, दुपारी बांबू, संध्याकाळी पार्टीच्या घरी मागच्या दाराने. चंदेरी कागदाऐवजी कोबीचा गड्डा वापरला तर पाण्याचे ओघळ दिसत नाहीत, ते मी शिकले. कोण काय पाळतं ते आधी विचारायला शिकले, चीजचा आणि बिनचीजचा ढीग वेगळा ठेवायला शिकले. अननसाच्या पाण्याने माझ्या बोटांची सालं निघायची. द्राक्षं नसली की शेवटी चेरी लावायची, ती लाल पाकातली. हॉलमध्ये बायका "किती गोड" म्हणायच्या तेव्हा मी आतल्या खोलीत पुढची काडी टोचत असायची. मला त्यातलं काही गोड लागत नव्हतं. मी ते कधी खाल्लंही नाही.

मिळालेलं सगळं बाईंना नेऊन द्यायची. बाई दर वेळी सांगायच्या, अजून इतके आहेत. त्यांनी मला फसवलं नाही, माझ्या मनातला आकडा आणि त्यांचा आकडा सारखाच असायचा. पोरीचा पगार पण त्यात धरायच्या. पण बाळ आजारी पडलं आणि पोरीच्या हातून औषधाची बाटली फुटली तर तेही धरायच्या.

रविवारी ताईचा फोन आला की बाई मला रिसीव्हर द्यायच्या. "जेवलीस का?" "हं." "बरी हायेस ना?" "हं." तिकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, आणि बाळ तिला नावाने हाका मारायचं.

दुसऱ्या दिवाळीला ताई तिला घेऊन आली. मी बाईंच्या स्वयंपाकघरात तिला जवळ घेतलं. मनगटावर भाजल्याचा डाग होता. बाटल्या उकळताना, ती म्हणाली. मी तिच्यासाठी पाट मांडला तर ती उभीच राहिली. मला म्हणाली, "बसू का?" आपल्या आईला विचारत होती. मी बस म्हटल्यावर ती बसली, पण पाटावर नाही, दाराच्या बाजूला, हाक आली तर उठता येईल अशी.

तिसरं वर्ष निम्मं गेलं तेव्हा शेवटचे बाराशे राहिले होते. त्यातले मी सातशे दिले आणि पाचशे जवळ ठेवले. बाईंना म्हटलं, "पोरीला आणा, मग हे देते."

बाई हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी अशी अट घातली नव्हती. "म्हणजे काय? माझ्यावर विश्वास नाही?"

मी पाचशे कंबरेच्या बटव्यात खोचले.

"अगं, बाळाला आता शाळेत घालायचंय. मे महिन्यापर्यंत राहू दे तिला. पगार हातात देते मी, कापणार नाही."

"नको बाई. पोरगी आणा."

बाईंनी "बघू" म्हटलं. मी दुसऱ्या दिवशीही कामाला गेले, तिसऱ्या दिवशीही, आणि रोज जाताना तेवढंच विचारायची, "कधी येते?" शेवटी साहेबच म्हणाले, "आणून दे गं तिची पोरगी. कटकट नको."

दिवाळीच्या पाडव्याला ताई आली. मी सकाळपासून बाईंच्या दारात उभी होते, आत बोलावलं तरी गेले नाही. जिन्यात पावलं वाजली. आधी ताई, मागे पोरगी, तिच्या कडेवर बाळ. बाळ म्हणजे आता तीन वर्षांचा मुलगा, पाय लोंबकळणारा. पोरगी उंच झाली होती. पिशवी तिच्याच हातात होती.

"जा, आई आलीय तुझी," ताई म्हणाली आणि मुलाला घ्यायला हात पुढे केले. मुलगा येईना. त्याने पोरीच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आणि ओरडायला लागला. ताईने त्याला ओढला. पोरीचा ड्रेस खांद्यावर उसवला. ताईच्या कडेवरही तो हात पसरून पोरीच्याच नावाने रडत होता. ताई रागाने लाल झाली होती आणि तिच्या डोळ्यात पाणी होतं. "बघ ना आई, काय करून ठेवलंय हिने," ती म्हणाली.

पोरगी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, पण बघत होती मुलाकडे. मी तिच्या हातातली पिशवी घेतली, तेव्हा तिने मान वळवून मला बघितलं. परकं माणूस बघावं तशी.

मी कंबरेचा बटवा सोडला आणि बाईंच्या हातात पैसे दिले. सगळ्या दहाच्या आणि वीसच्या नोटा होत्या, अननसाच्या पाण्याने चिकट झालेल्या. बाईंनी बोट ओलं करून मोजल्या. मुलगा अजून रडत होता म्हणून मध्येच त्यांचा आकडा चुकला आणि त्यांनी परत पहिल्यापासून मोजलं. मग नोटा सरळ करून मुठीत धरल्या आणि म्हणाल्या, "पाचशे. फिटले तुझे सगळे."